वीस वॉल्व, चाळीस लॉक आणि खालच्या मजल्यावरचे काका

नाशिकमध्ये गाडीचं इंजिन घरी उघडायचं असेल तर आधी एक लक्षात घ्या, इथे प्रत्येक बिल्डिंगमध्ये कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेला निदान एक माणूस असतोच. सातपूर-अंबडच्या कंपन्यांनी शहराला काय काय दिलं असेल ते असेल, आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगला त्यांनी मायक्रोमीटरने केसाची जाडीही मोजणारे काका दिलेत. फुकट. आणि माझ्या अख्ख्या बजेटमध्ये सगळ्यात महाग पडले ते हेच.

तर गाडी. 1.8 लिटर, टर्बो, दीडशे घोडे, सेकंडहँड, "डॉक्टरांनी वापरलेली". (सेकंडहँड गाड्या विकणाऱ्यांना डॉक्टर सोडून दुसरं गिऱ्हाईक भेटतच नाही का?) विकणारा म्हणाला टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय. नुकताच म्हणजे बहुतेक मागच्या सिंहस्थात, कारण तो पट्टा द्वारका चौकात तुटला, तेही बैलगाडीच्या स्पीडला, पुढे एसटी मागे टेम्पो आणि मधे मी.

आता या इंजिनात गंमत अशी की पिस्टन वर येतो ती जागा आणि उघडा वॉल्व खाली उतरतो ती जागा एकच, दोघांच्या वेळा सांभाळायचं काम त्या रबरी पट्ट्याचं. पट्टा गेला की दोघं भेटतात. सिलिंडरला पाच वॉल्व, तीन हवा आत घ्यायला आणि दोन धूर बाहेर सोडायला, चार सिलिंडर, म्हणजे एकूण वीस आणि त्यातले बरेचसे वाकडे. वर्कशॉपने जो खर्च सांगितला तेवढ्यात तशीच अजून एक डॉक्टरांची गाडी आली असती. म्हणून पार्किंगमध्येच काम काढलं.

हेड, म्हणजे इंजिनाचं वॉल्ववालं झाकण, उतरवलं आणि काका बोअर गेज, म्हणजे सिलिंडरच्या आतलं माप घ्यायचं यंत्र, घेऊन हजर. गेज आत फिरवलं, चष्मा वर केला, आणि रिपोर्ट वाईट आल्यावर बोलतात तशा आवाजात म्हणाले, "ओव्हल झालाय." म्हणजे सिलिंडरचं भोक गोल राहिलं नाही, आता ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असतात तो खालचा सांगाडाही बाहेर काढा, 81 मिलिमीटरचा बोअर (तेच भोक) 81.5 करा, पिस्टन ओव्हरसाइज, पिस्टनच्या रिंगा नव्या, बेअरिंग नवी. मी म्हटलं काका मिस्त्री तर म्हणतो थोडं चालतं. काका म्हणाले, "त्याच्याकडे चालत असेल." झालं, बजेटचं तिथेच तेरावं.

ब्लॉक काढायला साखळीचा कप्पी-पुली भाड्याने आणला, तर सेक्रेटरी खाली आले, स्लॅबच्या हुकाला इंजिन टांगायचा ठराव एजीएममध्ये झालेला नाही म्हणे. काकांनी त्यांना समोर उभं करून हुकाला किती वजन पेलतं याचं गणित खडूने फरशीवर मांडून दाखवलं, आणि सेक्रेटरी फक्त ते थांबावं म्हणून हो म्हणाले.

पैसे वाचवायचे कुठे, तर मजुरीत, सुट्या भागांत नाही. हेड बोल्ट जुने वापरता येत नाहीत, ते आवळताना ताणले जातात, एकदाच कामाचे. पट्टा बदलतोय तर त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलायचा, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतो आणि तो अडकला की नवा पट्टाही गेला. राहिला टर्बो, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. कुर्ल्याला जुना मिळाला, दुकानदाराला गॅरंटी विचारली तर म्हणाला दुकानाच्या पायरीपर्यंत. काकांनी त्याची दांडी दोन बोटांत धरून हलवली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. मिनिटाला लाखाच्या वर फिरणारी वस्तू, तिथे हलतंय म्हणजे गेलंच. मग माझ्याच गाडीतल्या टर्बोला रिपेअर किट.

नवे वॉल्व सीटवर घासायचे म्हणजे टोकाला रबरी कपवाली काठी चिकटवायची, कडेला पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत काठी फिरवत बसायचं, अगदी ताक घुसळल्यासारखं. करकर आवाज मऊ झाला की समजायचं सीटवर करड्या रंगाची एकसारखी रिंग उमटलीय. आई गॅलरीतून थोडा वेळ बघत होती, मग म्हणाली, "हात बरा चालतो की रे तुझा, दह्याचं पातेलं आणू का?"

त्याच गॅलरीत तिच्या कुरडया वाळत होत्या. वॉल्वची स्प्रिंग जागेवर धरून ठेवायला एका वॉल्वला दोन, असे चाळीस लॉक, तांदळाच्या दाण्याहून जरासे मोठे, आणि स्प्रिंग दाबताना हात सटकला की बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. एक सुटला. पार्किंग झाडून काढलं, गटाराची जाळी काढली, काही नाही. शेवटी काका लोहचुंबक घेऊन गॅलरीत गेले आणि कुरडईतून काढून आणला, पुसला, मायक्रोमीटरने मोजला आणि म्हणाले, वापर. आई अजूनही कुरडया तळायच्या आधी तो चुंबक फिरवते, पाहुण्यांसमोर सुद्धा.

इंजिन सुरू झालं. आधी निळा धूर, मग पांढरा, मग वरच्या मजल्यावरून खोकला, आणि मग इतकं गुळगुळीत चाललं की बायकोनेही "छान" म्हटलं आणि बिलांची फाइल मागितली.

आता रनिंग-इन. नव्या रिंगा बसेपर्यंत गाडी तीन हजार आरपीएमच्या वर न्यायची नाही, हा काकांचा हुकूम, आणि तो पाळला जातोय की नाही बघायला ते शेजारच्या सीटवर. परवा त्र्यंबक रोडला दीडशे घोडे घेऊन निघालो तर एका काळी-पिवळीने आम्हाला ओव्हरटेक केलं, वर टपावर दोन बकऱ्या. मी गप्प. काकांनी अचानक हात वर केला, "थांब, वाजलं ना काहीतरी?"

वाजला होता माझा फोन. सेक्रेटरी विचारत होते, पार्किंगमधला ऑइलचा डाग कोण धुणार.