आठवड्याला १२० मिनिटे झाडांत, मग गोळी कशाला?

गेल्या काही महिन्यांत एक संदेश माझ्याकडे निदान चार व्हॉट्सअ‍ॅप गटांतून आला. त्यांतला एक गट सकाळी टेकडीवर जाणाऱ्या आमच्या मंडळींचा आहे, म्हणून त्याकडे काणाडोळा करता आला नाही. संदेशाचे सार असे: चिंता आणि स्वतःविषयीची शंका हे शहराने दिलेले आजार आहेत, आठवड्याला १२० मिनिटे निसर्गात घालवली की ते मुळासकट जातात, असे शास्त्राने सिद्ध केले आहे, जपानमधले डॉक्टर गोळीऐवजी जंगल लिहून देतात, अनवाणी चालले की जमिनीतली ऊर्जा शरीरात शिरते, तेव्हा गोळ्या थांबवा, मोबाइल घरी ठेवा आणि एकटे रानात जा. मी गेली पंधरा वर्षे पुण्यातली हनुमान टेकडी चढतो आहे आणि त्यांतली काही वर्षे चिंतेच्या विकारावर उपचार घेत चढलो आहे, त्यामुळे झाडांशी माझे भांडण असण्याचे कारण नाही. भांडण आहे ते या संदेशाशी.

१२० मिनिटांचा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करायला हवे. इंग्लंडमधल्या १९,८०६ लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात असे आढळले की, आठवड्याला १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ बागेत, रानात किंवा किनाऱ्यावर घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती चांगली आहे आणि आपण आयुष्यात समाधानी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. मात्र ही एका वेळची पाहणी होती. जे समाधानी आहेत, ज्यांचे गुडघे धड आहेत आणि ज्यांना सवड आहे, तेच मुळात जास्त फिरत असतील, ही शक्यता अशा पाहणीतून पूर्णपणे बाद करता येत नाही, आणि अभ्यासकांनी स्वतःच ही मर्यादा नोंदवली आहे. शिवाय तिथे प्रश्न प्रकृतीविषयी आणि समाधानाविषयी होते. कोणाचा चिंतेचा विकार बरा झाला का, हे कोणी तपासलेच नव्हते. संदेश लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलेली आणखी एक गोष्ट म्हणजे त्या पाहणीत शहरातली सार्वजनिक उद्यानेही धरली होती. म्हणजे कोपऱ्यावरच्या बागेतला अर्धा तासही हिशेबात येतो आणि त्यासाठी ताम्हिणी गाठावी लागत नाही.

स्वतःविषयीच्या शंकेबाबत याहून नेमका पुरावा आहे, पण तो संदेशात नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली ३८ जणांपैकी काहींना गवताळ, ओकची झाडे असलेल्या परिसरात आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने प्रत्येकी ९० मिनिटे चालवले. झाडांतून चालून आलेल्यांनी भरलेल्या प्रश्नावलीत, आणि त्यांच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागातल्या हालचालीत, मनातला रवंथ कमी झाल्याचे दिसले. ‘मी असे का बोललो, लोक काय म्हणाले असतील, मला हे जमणारच नाही’ हे पुन्हा पुन्हा चघळणे म्हणजेच तो रवंथ, आणि स्वतःवर शंका घेणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस त्यातच जातो. हा निष्कर्ष मला आनंदाचा वाटतो आणि माझ्या अनुभवाशी जुळतोही. तरीही त्यात घेतलेली माणसे मानसिक आजार नसलेली होती, आणि मोजले गेले ते एका फेरीनंतरचे चित्र. त्यावरून ‘मुळासकट’ हा शब्द निघत नाही.

जपानची गोष्टही अर्धीच सांगितली जाते. ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द १९८२ साली तिथल्या वनखात्याने लोकांना जंगलांकडे वळवण्यासाठी रूढ केला. संशोधन नंतर सुरू झाले. सर्वांत जास्त सांगितल्या जाणाऱ्या प्रयोगांपैकी एकात १२ निरोगी पुरुषांना तीन दिवस जंगलात नेऊन त्यांच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी मोजल्या होत्या, आणि बारा निरोगी पुरुषांच्या पेशींवरून एखाद्या आजारी बाईच्या चिंतेचा निकाल लावता येत नाही. डॉक्टरांनी निसर्ग लिहून देण्याची प्रथा मात्र खरोखर आहे. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर २०१८ पासून डॉक्टर किनाऱ्यावर चालायला, पक्षी पाहायला सांगतात, पण ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. ‘ऐवजी’ हा शब्द आपल्याकडे येता येता वाटेत कोणीतरी घुसडला आहे.

अनवाणी चालण्यातून शिरणाऱ्या ऊर्जेवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. गवतावर अनवाणी चालणे सुखाचे असते, एवढे कारण पुरेसे आहे. आमच्या टेकडीवर मात्र काचा बघून चालावे.

खरा धोका ‘गोळ्या थांबवा’ या दोन शब्दांत आहे. चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, निद्रानाश, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना होऊ शकतात, आणि रोगी समजतो की आजारच उलटला. झोपेसाठी किंवा तात्पुरत्या आरामासाठी दिलेल्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन अचानक सोडल्यास झटके येण्यापर्यंत मजल जाते. शिवाय धडधड, हाताचा कंप आणि घाम यांमागे कधी कधी वाढलेले थायरॉइड असते, आणि ते रक्ततपासणीत कळते, टेकडीवर कळत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर टेकडीने मला आधी घाबरवले. उपचार सुरू होण्यापूर्वी एका सकाळी दुसऱ्या वळणावर छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या आणि हृदय बंद पडते आहे अशी खात्री होऊन मी गिरिपुष्पाच्या झाडाखालच्या दगडावर बसलो. एका आजोबांनी पाणी दिले आणि ते माझा हात धरून बसून राहिले. त्यानंतर दोन महिने मी टेकडीकडे फिरकलो नाही. चढावर येणारी धडधड आणि भीतीच्या झटक्यातली धडधड शरीराला सारखीच लागते, म्हणून तिला घाबरणारा माणूस हळूहळू चढच टाळू लागतो, हे मला समुपदेशकाने समजावले. मग त्यांनी आधी जिना आणि नंतर तेच वळण मुद्दाम चढायला लावले आणि धडधड आपोआप ओसरेपर्यंत तिथेच उभे राहायला सांगितले. आज मी त्या दगडापाशी थांबतो तो खारी बघायला. यात टेकडीचा वाटा मोठा आहे, पण तिचा उपयोग कसा करायचा हे मला व्हॉट्सअ‍ॅपने सांगितले नव्हते.

शहराला मूळ कारण ठरवणाराही एक मुद्दा आहे, आणि गोंगाट, गर्दी, अपुरी झोप यांनी चिंता वाढते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुलाखतीच्या दिवशी रानात गेलेल्या उमेदवाराला त्या दिवशी बरे वाटते आणि पुढची मुलाखत अधिक अवघड जाते, कारण टाळल्याने मिळालेला आराम भीतीलाच खतपाणी घालतो. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी फिरून आलेल्याची गोष्ट अगदी वेगळी.

राहिला एकटे जाण्याचा आणि मोबाइल घरी ठेवण्याचा सल्ला. तो लिहिणारा बहुधा पुरुष असावा. आमच्या गटातल्या बायका उजाडल्याशिवाय आणि सोबतीशिवाय वर जात नाहीत, आणि त्याची कारणे त्यांना कोणाला समजावून द्यावी लागत नाहीत. मोबाइल खिशात असावा, हवे तर आवाज बंद करून. त्यात १४४१६ हा क्रमांकही जपून ठेवावा: केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, आणि तिथे रात्री तीन वाजताही, म्हणजे कोणतीही बाग उघडी नसते त्या वेळी, फोन करता येतो.