साठवलेलं पाणी रोज ओतून टाकायला सांगणारा निरोप खान्देशात चालायचा नाही

भुसावळपासून शिरपूरपर्यंतच्या घरगुती गटांत सध्या एक निरोप फिरतोय. ‘पाणी साठवून पिताय? सावधान!’ अशी सुरुवात आणि शेवटी जोडलेले हात. मध्ये सहा दावे आहेत. साठवलेलं पाणी 24 तासांत विष होतं, म्हणून रोज ओतून टाका. तांब्याच्या हंड्यातलं मात्र वर्षभर टिकतं. तुरटी फिरवली की जंतू मरतात. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेलं, पाणी पिऊ नका. साठवायचंच असेल तर आरओच्या जारचं साठवा. आणि प्लास्टिकमधल्या पाण्याने कॅन्सर होतो. खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलंय. कोणत्या डॉक्टरांचा, त्याचा पत्ता नाही.

चोवीस तास नळ असलेल्या घरात कुणी हे लिहिलं असेल तर ठीक. आपल्याकडे कितीतरी गावांत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी ‘नळ उनात’ (नळ आले) अशी हाळी गल्लीत पडते आणि माणसं हातातलं टाकून मोटर लावायला धावतात. पांझरेला किंवा गिरणेला पूर आला की जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीत, गाळ शिरतो. वळवाच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले की पंप बंद. अशा ठिकाणी साठा ओतून टाकायला सांगणं म्हणजे अडचणीच्या दिवशी शेजारच्या विहिरीचं, न तपासलेलं पाणी प्यायला लावणं.

आता पहिला दावा, 24 तासांचा. स्वच्छ पाण्यात कुजण्यासारखं काही नसतं. ते बिघडतं त्यात बाहेरून काही गेलं तर, आणि घरात ते जातं हातावाटे. माठात बुडणारा पेला बघा: पेला धरणारी चार बोटं पेल्याबरोबर पाण्यात जातात. नुकतंच अंगणात खेळून आलेलं पोर असेल तर विचारूच नका. ओगराळं असतं, पण ते माठावर उपडं ठेवलेलं, नाहीतर ओट्यावर आडवं पडलेलं, त्याच्या दांड्यावरून पाल गेलेली. असं पाणी सकाळी भरलं तर संध्याकाळीच बिघडू शकतं. उलट धुतलेल्या, घट्ट झाकणाच्या, अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये क्लोरीन घालून सावलीत ठेवलेलं पाणी महिन्यानंतरही पिता येतं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था घरी भरून ठेवलेलं पाणी दर सहा महिन्यांनी बदलायला सांगते. 24 तास कुठे आणि सहा महिने कुठे!

त्यामुळे मोजायचं काय, तर भांड्याचं तोंड. खाली तोटी असलेलं भांडं सगळ्यांत चांगलं. ते नसेल तर कॅन तिरका करून ओतून घ्यावं. माठच हवा (आणि मे महिन्यात जळगावात माठ नको कोण म्हणेल!) तर लांब दांड्याचं ओगराळं भिंतीला खिळ्यावर टांगावं. माठ रोज कॅनमधून थोडा भरावा, मुख्य साठा त्यात ठेवू नये.

साठा किती? माणशी दिवसाला चार लिटर, पिण्याला आणि जेमतेम स्वयंपाकाला, आणि निदान तीन दिवसांचा. पाच माणसांच्या घराला 60 लिटर, म्हणजे 20 लिटरचे तीन कॅन. पारा 45 वर जातो त्या दिवसांत चौथा कॅन जास्तीचा ठेवावा. कॅन आधी साबणाने धुवावा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर साधं, वासाचं नसलेलं 5 टक्क्यांचं ब्लीच घालून ते आतून सगळीकडे फिरवावं आणि खंगाळून घ्यावं. नळ सुटल्यावरचं पहिलं गढूळ पाणी कॅनमध्ये नको. ते वापराच्या ड्रममध्ये जाऊ द्या.

24 तासांच्या दाव्यात एक अर्धं सत्य मात्र आहे, आणि ते वापराच्या पाण्याचं आहे. उघड्या ड्रममध्ये डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडणारा डास होतो. आपल्या नळाचा फेराही नेमका तेवढाच. म्हणून आरोग्य खात्याची माणसं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. ड्रम नुसता उपडा करून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात, तेव्हा काथ्याने घासावं लागतं. ड्रम रिकामा करणं परवडतच नसेल तर तोंडाला कापड ताणून बांधावं, एक फटही न ठेवता. निरोप लिहिणाऱ्याने पिण्याचं आणि वापराचं पाणी एकाच हंड्यात ओतलंय.

तांब्याचा दावा पुरता खोटा नाही, ताणलेला आहे. बंगळुरूच्या संशोधकांचा 2012 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलं, तर ते जंतू उरले नाहीत. आजीचा हंडा मोडीत काढू नका, हे त्यावरून नक्की म्हणता येईल. पण 16 तास म्हणजे वर्ष नव्हे, आणि प्रयोगशाळेतलं पाणी म्हणजे पावसाळ्यातल्या तापीचं पाणीही नव्हे. रोज चार जण ज्यात पेला बुडवतात त्या हंड्याला 16 तासांची उसंत मिळते कुठे? शिवाय लिंबू-सरबत, ताक असं आंबट काही त्यात ठेवू नये, तांबं उतरतं.

तुरटी गाळ खाली बसवते. गाळाबरोबर काही जंतूही तळाला जातात, पण मरत नाहीत. भांडं हललं की पुन्हा वर. तुरटीचा खरा उपयोग क्लोरीनच्या आधी आहे: तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या, जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्यांतून गाळा आणि मग क्लोरीन घाला. गढूळ पाण्यात थेट घातलेला क्लोरीन चिखलातच खर्ची पडतो.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा दावा टीसीएलचा. गावात कुणाला जुलाब झाले की याच पावडरवर संशय आणि पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकावर राग. वास येतो म्हणजे विष, असा हिशेब. खरा हिशेब असा आहे: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्यासाठीची वरची मर्यादा आहे 5 मिलिग्रॅम, म्हणजे 25 पट. घरी पोचलेल्या पाण्याला हलका वास येतो, तेव्हा पाइपातल्या गळतीतून आत आलेल्या घाणीशी लढायला काहीतरी शिल्लक आहे एवढाच त्याचा अर्थ. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे शिल्लक क्लोरीन बघायच्या चाचणीत, पाणी पिवळं झालं की जलसुरक्षकाचा जीव भांड्यात पडतो तो त्यासाठीच.

पावडर चुकीची वापरली जाते, हे मात्र खरं. चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, आणि तशी पावडर 1000 लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅमच्या आसपास लागते. पोतं उघडं पडलं, उन्हात आणि दमट हवेत राहिलं, की क्लोरीन उडून जातो आणि उरतो चुना. मग कुणी मूठच्या मूठ टाकतो आणि तरी टेस्ट कोरीच. पावडर टाकायची तर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ टाकीत घालावी. पिण्याच्या कॅनमध्ये ती टाकूच नये. घरासाठी आशाताईंकडे मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचे, थेंब मिळतात, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी 20 लिटरला पुरते. बाटलीवरचं प्रमाण आणि मुदत वाचा, ढवळा, अर्धा तास थांबा. वास फारच खटकत असेल तर झाकण न लावता जाळीदार कापड टाकून पाणी थोडा वेळ ठेवा, वास उतरतो.

क्लोरीन नसेल तर उकळावं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. वीस-वीस मिनिटं गॅस जाळायला सांगणारे निरोपही येतात, त्यांचं ऐकू नका. फक्त उकळलेल्या पाण्यात शिल्लक क्लोरीन नसतो, म्हणून ते त्याच भांड्यात झाकून ठेवावं आणि एक-दोन दिवसांत संपवावं. आणि केळी पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खताचं नायट्रेट उतरलेलं असेल, तर ते ना उकळून जातं, ना क्लोरीनने. उकळल्यावर पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधासाठी असं पाणी तपासल्याशिवाय वापरू नये.

आरओच्या जारचा दावा ऐकून मला हसू येतं. ज्या यंत्राने क्षार काढले त्याने क्लोरीनही काढलेला असतो. म्हणजे साठवणुकीत राखण करणारं काहीच उरलेलं नाही. त्यात सुट्या जारचं बूच हाताने दाबून बसवलेलं, जार दिवसभर टेम्पोत, काल दुसऱ्याच्या लग्नात आणि आज तुमच्याकडे. ते पाणी त्या दिवशी प्या. पंधरा दिवसांचा साठा म्हणून ठेवायचं असेल तर त्यातही क्लोरीनचे थेंब घालावे लागतील. सीलबंद बाटलीचं वेगळं, तिच्यावर तारीख छापलेली असते.

राहिलं प्लास्टिक. बाटलीतल्या पाण्याने कॅन्सर झाला, असं दाखवणारा पुरावा नाही. उलट निवळ पाणी पारदर्शक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवणं ही जंतू मारायची मान्य पद्धत आहे. त्यात काम सूर्याच्या अतिनील किरणांचं. खान्देशात ऊन तेवढं फुकट आहे! कायमचा साठा मात्र सावलीतच हवा. उन्हाने क्लोरीन उडतो, आणि तापलेल्या प्लास्टिकमधून थोडीफार द्रव्यं पाण्यात उतरतातही.

प्लास्टिकचा खरा धोका निरोपात आलाच नाही. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा निळा ड्रम आधी कशाचा होता, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं निघत नाही, आणि क्लोरीन त्यावर काही करू शकत नाही. असा ड्रम घरी आलाच असेल तर तो शेतावर न्या आणि कपाशीच्या फवारणीचं पाणी त्यात भरा.