जीपचं स्टिअरिंग, म्हणजे अर्ज-विनंती

बाबांच्या जुन्या सीजे थ्री-बी जीपचं स्टिअरिंग फिरवलं की आधी अर्ज दाखल होतो आणि मंजुरी पुढच्या चौकात मिळते. इंदूरहून एबी रोडवर महूकडे निघालात, काटा पन्नासच्या पुढे गेला आणि तेवढ्यात खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं अशी थडथडतात की बॉनेट, आरसे आणि आईच्या बांगड्या सगळं एका तालात वाजतं, आणि स्पीड पार उतरवल्याशिवाय थांबत नाही. आई आता छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जायचं तरी ऑटो करते.

शेवटी गाडी छावनीतल्या उस्तादाकडे नेली. "टाय रॉड एंड गए, भिया." म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे. बरं, घाला नवे. घातले, तर प्ले, म्हणजे सांध्यांतली ढील, थोडा कमी झाला आणि उरलेला मधल्या लिव्हरमध्ये, म्हणजे बेल क्रँकमध्ये, सापडला! ही १९४१ च्या विलिज जीपपासून चालत आलेली करामत, म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधून ड्रॅग लिंक नावाची दांडी मधल्या बेल क्रँकला, तिथून दोन टाय रॉड दोन चाकांना, आणि प्रत्येक सांध्याने केसभर ढील दिली तरी आपल्या हातात येईपर्यंत ती वीतभर होते. प्ले जात नाही हो, फक्त शेजारच्या सांध्यात राहायला जातो.

मग किंग पिन, म्हणजे ज्यावर चाक डावं-उजवं वळतं ती खुंटी. वरच्या टोपीखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढल्या की बेअरिंग घट्ट, घातल्या की सैल, त्यामुळे उस्ताद एक पातळ शिम काढायचा, रद्दीवाल्याकडून मागून आणलेला स्प्रिंगचा काटा अडकवून नकल, म्हणजे चाक धरणारा वळता सांधा, ओढून बघायचा, मान हलवायचा, परत घालायचा. रद्दीवाला तिथेच उभा. त्याचा धंदा बंद पडला होता ना.

तोवर गॅरेजवर चहाला आलेला प्रत्येक जण एक्सपर्ट. सगळ्यांचा सल्ला एकच, स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू कसा, झालं काम. अरे पण गाडी जास्त वेळ सरळच जाते म्हणून बॉक्स झिजतो मधोमध, आणि तिथला प्ले घालवायला स्क्रू आवळला की वळणावर स्टिअरिंग अडकतं. हे उस्तादाने एकदाच सांगितलं, मग पुढच्या सल्लागारांना नुसता चहा पाजला (बिल आमच्या खात्यावर).

सरतेशेवटी टो-इन. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे, रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त, पुढच्या बाजूने चाकं जराशी आत घ्यायची, क्लॅम्प आवळायचे. मी चालवून बघितली. काय सांगू, दोन बोटांवर सरळ!

मग बाबा बसले. इतकी वर्षं गाडी सरळ ठेवायला सारखं डावं-उजवं करायची हाताला सवय, आणि आता जीप ते प्रत्येक डावं-उजवं लगेच ऐकायला लागली. गल्लीच्या टोकापर्यंत नागमोडी गेले, दोन स्कूटरवाले ओटल्यावर चढले, एक नमकीनची गाडी थोडक्यात वाचली. परत येऊन खाली उतरले, घाम पुसला आणि उस्तादाला म्हणाले, "इतना टाइट क्यों कर दिया यार, थोडा ढीला कर दो."