दुकानाचा पैसा दुकानाच्या खात्यातच : ‘एक सोलापूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

छोट्या टॅटू स्टुडिओनं गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घ्यावेत, यावर मी गेल्या महिन्यात लिहिलं. त्यावर ‘एक सोलापूरकर’ या नावानं एक प्रतिक्रिया आली. ती आधी जशी आली तशीच देते, म्हणजे मी सोयीचा तुकडा उचलला असं कुणाला म्हणता येणार नाही.

“ताई, टॅटूचं दुकान आहे का मॉल? स्वतःच्या नंबरचा क्यूआर भिंतीला चिकटवला की काम झालं. त्याला वेगळं खातं, साउंडबॉक्स, दोन-दोन क्यूआर कशाला? सोलापुरातलं गिऱ्हाईक कार्ड घासत नाही. मशीनवाल्यांनी काहीतरी दिलेलं दिसतंय तुम्हाला. अ‍ॅडव्हान्स मागणं म्हणजे गिऱ्हाइकाला चोर समजणं. आणि जीएसटीवर एक अक्षर नाही. आधी दहा जणांना विचारा, मग शहाणपण शिकवा.”

दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. पण ‘मशीनवाल्यांनी काहीतरी दिलेलं दिसतंय’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची, मध्येच विकाऊ ठरवायचं आणि शेवटी शहाणपण काढायचं, ही बोलायची कुठली पद्धत? त्या लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. मुद्दामच घेतलं नव्हतं. उलट ‘तुमचं खातं ज्या बँकेत आहे त्या शाखेत जाऊन व्यापारी क्यूआर मागा’ असं स्पष्ट लिहिलं होतं. कार्ड मशीनबद्दल दोनच वाक्यं होती, त्यातलं एक ‘सुरुवातीला घेऊ नका’ हे होतं. तुम्ही ते वाचलेलंच नाही. मला कुणी पैसे दिलेले नाहीत, फुकटात मशीन दिलेलं नाही, चहासुद्धा पाजलेला नाही. पुरावा असेल तर मांडा. नसेल तर स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याच्या नावाला काळं फासू नका.

माझं शहाणपण कुठून आलं तेही सांगते. माझी आई विड्या वळायची. कारखान्यात विड्या मोजून घेताना किती खराब म्हणून बाजूला काढल्या ते मोजणारा सांगायचा, आणि त्याचा शब्द शेवटचा. आईच्या हातात नोंद नसायची, म्हणून तिला बोलताही यायचं नाही. पुढे मी नव्या पेठेत कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसले. लग्नसराईच्या गर्दीत दिवसभर नोटा मोजायच्या आणि रात्री हिशेब जुळल्याशिवाय शटर ओढायचं नाही. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर त्याच गल्ल्यावर माणसं पाचशेच्या नोटा घेऊन अक्षरशः रडवेली झालेली मी पाहिली. टॅटू मी त्यानंतर शिकले. त्यामुळे पैसा कुठून येतो, कुठे अडकतो आणि त्याची नोंद कुणाकडे राहते, याबद्दल बोलायचा हक्क मी कष्टानं मिळवलाय. दहा जणांना विचारून नाही.

आता तुमची सगळी प्रतिक्रिया ज्या वाक्यावर उभी आहे ते घेऊ. ‘स्वतःच्या नंबरचा क्यूआर भिंतीला चिकटवला की काम झालं.’

नाही झालं. टॅटू काढताना आमच्या हातात ग्लोव्ह्ज असतात आणि त्यांना समोरच्याचं रक्त आणि शाई लागलेली असते. त्या हातानं फोन धरायचा नाही, हा या कामातला पहिला धडा. धरायचाच असेल तर ग्लोव्ह्ज काढून टाका, हात धुवा, नवे घाला. समजा, मी एका पोराच्या दंडावर शेडिंग करतेय आणि बाहेर काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक ‘पैसे टाकले’ म्हणतंय. क्यूआर माझ्या नंबरचा, मेसेज माझ्या फोनवर आणि फोन माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात. काउंटरवरच्या मुलीनं बघायचं काय? समोरच्यानं दाखवलेला स्क्रीनशॉट. खोटे स्क्रीनशॉट बनवता येतात. पैसे न पाठवताच ‘यशस्वी’ अशी हिरवी खूण दाखवणारी बनावट अ‍ॅपसुद्धा निघाली आहेत. म्हणून साउंडबॉक्स. पैसे जमा झाल्याशिवाय तो बोलत नाही, आणि तो बोलला की सुई न थांबवता मलाही ऐकू येतं. माझा मराठीत बोलतो. पूर्व भागात माझ्या मैत्रिणीचं पार्लर आहे, तिचा तेलुगूत बोलतो, कारण तिच्याकडच्या मुली तेलुगू बोलणाऱ्या. किराणावाल्यापेक्षा आम्हाला साउंडबॉक्सची गरज जास्त आहे, कारण किराणावाल्याचे हात मोकळे असतात. हे मॉलचं नाही, आमच्या धंद्याचं कारण आहे. ज्यानं हा धंदा जवळून पाहिलाय त्याला ते सांगावं लागत नाही.

दुसरं. स्वतःचा क्यूआर म्हणजे बऱ्याचदा स्वतःचा मोबाईल नंबर. पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे तो जातो. पुरुषाला त्याचं काही वाटत नसेल. स्टुडिओ चालवणाऱ्या बाईला रात्री अकराला ‘हाय’ येतं, तेव्हा कळतं दुकानाचा क्यूआर वेगळा का हवा ते. हा मुद्दा तुमच्या मनातही आला नाही, आणि तरी तुम्ही मला विचारता की वेगळं खातं कशाला.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली की तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो. मग ते पैसे ज्या ज्या खात्यातून पुढे सरकले, त्या खात्यांवर पोलिसांच्या सूचनेवरून बँका होल्ड लावतात. कधी तेवढ्या रकमेवर, कधी अख्ख्या खात्यावर. त्या साखळीतल्या कुणीतरी तुमच्याकडे येऊन मनगटावर त्रिशूळ काढून घेतला आणि पैसे यूपीआयनं दिले, तर तुमचा काही संबंध नसताना तुमचं खातं अडकतं. माझं अडकलं होतं. तक्रार परराज्यातली होती. बँकेतून ‘तिकडच्या पोलिसांशी बोला’ एवढंच उत्तर मिळायचं. पण अडकलं ते फक्त दुकानाचं खातं. घराचं वेगळ्या बँकेत होतं, म्हणून घरभाडं गेलं, मुलाची फी गेली, कर्जाचा हप्ता गेला. त्या गिऱ्हाइकाचं बिल आणि सही केलेला संमतीचा फॉर्म माझ्याकडे होता, म्हणून हे पैसे कामाचे आहेत हे मला दाखवता आलं. भिंतीवर माझ्या घरखात्याचा क्यूआर असता तर काय झालं असतं? आईकडे नोंद नव्हती, माझ्याकडे होती, एवढाच काय तो फरक. आणि तुम्ही म्हणता, काम झालं!

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि आजची तरुण पोरं ते सर्रास वापरतात. पण ते फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. व्यक्तीच्या क्यूआरवर त्यातून पैसे येत नाहीत. म्हणजे ‘सोलापुरातलं गिऱ्हाईक कार्ड घासत नाही’ हे तुमचं वाक्य तुमच्याच क्यूआरमुळे खरं ठरतं. छोट्या दुकानदाराला या कार्डावर २००० रुपयांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे लागतं. बँक खात्यातून येणाऱ्या साध्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्कच नाही. मग व्यापारी क्यूआर घेऊन माझा कुठला मशीनवाला श्रीमंत झाला ते सांगा.

दोन क्यूआर कशाला, हेही विचारलंत. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर त्या बँकेच्या खात्यात पैसे जमा होणं बंद झालं. ज्यांचा सगळा गल्ला त्या एकाच खात्यात जात होता त्यांची किती पळापळ झाली, ती आठवा. अर्थात दुसरा क्यूआर सगळ्यावर उपाय नाही. १२ एप्रिल २०२५ ला, ऐन हनुमान जयंतीच्या शनिवारी, देशभर यूपीआय अडखळलं तेव्हा माझे दोन्ही क्यूआर गप्प होते. हातावर गदा काढून घ्यायला आलेल्या पोरांकडून मी रोख घेतली. सुट्टे पैसे ठेवा, असं त्या लेखात लिहिलंच होतं.

आता जे तुमचं बरोबर आहे ते मान्य करते, कारण मला भांडायचं म्हणून भांडायचं नाही. करंट खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते आणि एकट्यानं, एका खुर्चीवर काम करणाऱ्याला ती जड जाते. अशा माणसाला काही बँका बचत खात्यावरही व्यापारी क्यूआर देतात. तो घ्यावा, फक्त ते खातं घरखर्चाचं नसावं. साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडंही सुरुवातीला टोचतं. इथवर तुमच्याशी सहमत.

कार्ड मशीनवर जास्त लिहीत नाही. छोट्या नावांची, बदामांची कामं असतील तर नकोच. पूर्ण हाताचं काम चार-पाच बैठकांत चालतं, आणि ते करायला पुण्या-हैदराबादेत नोकरी करणारी, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, गावी आलेली मुलं येतात. त्यांच्यासाठी ते उपयोगी पडतं. रुपे सोडून बाकीच्या डेबिट कार्डांवर छोट्या दुकानदाराकडून ०.४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तेव्हा दर आधी लेखी मागा.

अ‍ॅडव्हान्सचं म्हणाल, तर बँडवाला घेतो, मंगल कार्यालयवाला घेतो, त्यांना कुणी ‘आम्हाला चोर समजता का’ विचारत नाही. डिझाईन काढण्यात माझी संध्याकाळ जाते. तिचे पैसे मी घेणार.

जीएसटीवर लिहिलं नाही, कारण लेख पैसे घेण्याच्या पद्धतीवर होता. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते, मग पैसे रोख घ्या नाहीतर क्यूआरनं. जुलै २०२५ मध्ये पलीकडे कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. तेव्हा त्यातले कित्येक जण सांगत होते की यात घरच्यांनी पाठवलेले, उसने परत आलेले पैसेही धरलेत. घरचा आणि दुकानाचा क्यूआर एकच ठेवला की अशी वेळ येते. प्राप्तिकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत तर रोख जमेवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के. पुढचं तुमच्या सीएला विचारा, मी सीए नाही.

तुम्ही खरंच स्टुडिओ चालवत असाल आणि तुमच्या भिंतीवर आज घरखात्याचा क्यूआर असेल, तर माझ्यावरचा राग बाजूला ठेवून या आठवड्यात बँकेत जाऊन या. आधार, पॅन आणि दुकानाचा पुरावा घेऊन जा. त्यासाठी मला काही विचारायचं असेल तर विचारा, मी उत्तर देईन. फक्त स्वतःच्या नावानं विचारा, आणि ‘काहीतरी दिलेलं दिसतंय’ हे वाक्य आधी मागे घ्या.