नॉब मधोमध, आवाज डावीकडे

दोन्ही मॉनिटरचा, म्हणजे स्टुडिओतल्या स्पीकरांचा, आवाज मोबाइलने मोजून सारखा करा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. म्हणणं थोडक्यात असं: 'मॉनिटरच्या मागचे दोन्ही नॉब मधोमध ठेवले की झालं, कंपनी जोडी म्हणूनच विकते. मोबाइलवर डेसिबल मोजणं हा पोरखेळ. संगीत कानाने ऐकायचं असतं.'

शेवटच्या वाक्याशी भांडण नाही. पहिल्याशी आहे. बहुतेक पॉवर्ड मॉनिटरमध्ये प्रत्येक डब्यात वेगळा ॲम्प्लिफायर आणि मागे वेगळा नॉब. काहींचा मधोमध खट्ट करून अडकतो. माझे नुसते गुळगुळीत फिरतात, तेही भिंतीमागे हात घालून चाचपडत. शिवाय एका डब्याचा इनपुट पातळी ठरवणारा स्विच 'प्लस फोर'वर आणि दुसऱ्याचा 'मायनस टेन'वर राहिला, तर फरक जवळपास १२ डेसिबलचा. नॉब बिचारे दोन्ही मधोमधच!

माझंच सांगतो. डावा मॉनिटर कोपऱ्यात, उजव्याशेजारी उघडी खिडकी. एका अभंगाचं मिक्सिंग करताना गायिकेचा आवाज सारखा डावीकडे वाटायचा, म्हणून पॅन (आवाज डावी-उजवीकडे नेणारं बटण) थोडं थोडं उजवीकडे सरकवत गेलो. हेडफोन लावला तर बाई उजव्या कानात!

मग सुतळीने खुर्चीचं अंतर दोन्हींपासून सारखं केलं, फोन स्टँडवर कानाच्या उंचीला लावला आणि पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा फसफसाट, एका वेळी एकाच मॉनिटरवर वाजवला. डावा अडीच डेसिबलने वर.

फोन खरा आकडा सांगत नाही, हा तुमचा आक्षेप मान्य. तो ७६ दाखवेल तेव्हा प्रत्यक्षात ७२ असेल किंवा ८०. पण आपल्याला आकडा नकोय, फरक हवाय. खोट्या तराजूवर दोन नारळ आलटून पालटून ठेवले तरी जड कुठला ते कळतंच. फक्त फोन मधेच हलवू नका.

लेखात माझ्याकडून एक गोष्ट राहिली, ती तुमच्यामुळे आठवली. कंपनीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे डब्यांची अदलाबदल करून कळतं. फरक डब्याबरोबर गेला तर दोष डब्याचा किंवा नॉबचा. जागेवरच राहिला तर खोलीचा, नाहीतर तिथल्या वायरीचा. माझा जागेवरच राहिला. म्हणजे कंपनी निर्दोष, इथे तुम्ही बरोबर. पण कोपरा फुगवतो तो मुख्यतः खर्ज, आणि नॉब खाली केला की खर्जाबरोबर वरचे स्वरही बसतात. म्हणून आधी डबा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला, मग खर्ज वगळून ५०० ते २००० हर्ट्झपुरताच नॉइज वाजवून पुन्हा मोजलं. उरलेला जेमतेम एक डेसिबल नॉबने काढला.

शेवटचा निवाडा कानाचाच. मोनोमध्ये, म्हणजे दोन्हींतून अगदी सारखंच, एकट्या माणसाचं बोलणं लावलं. ते दोन मॉनिटरांच्या मधून, जिथे नुसती भिंत आहे तिथून, आलं. नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. डाव्याचा ठिपका मधोमध नाही, थोडा अलीकडे आहे.