जोडले की बंद

आमच्या घराच्या मागल्या दारापासून जनरेटरपर्यंतचे अंतर 48 पावले आहे. हा आकडा अंदाजाचा नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात विजेरी आणि तोंडात रामरक्षा अशा अवस्थेत, मृग नक्षत्रापासून हस्तापर्यंत, तो मी अनेकदा मोजून पाहिलेला आहे.

गोव्यातील फोंडा तालुक्यात असलेले आमचे घर कुळागराच्या कडेला आहे. म्हणजे माड, पोफळी आणि त्यांच्यावर चढलेल्या मिरवेली यांच्या सहवासात आम्ही राहतो, आणि त्यांपैकी एखाद्या माडाचे चुडत, म्हणजे झावळी, विजेच्या तारेवर पडले की अंधारातही राहतो. वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भूमीत चुडते पडायला निमित्त लागत नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी पेट्रोलवर चालणारा एक जनरेटर घेतला. तो पडवीत ठेवावा ही माझी सूचना सौभाग्यवतींनी आवाजाचे कारण सांगून फेटाळली आणि त्याची रवानगी रिकाम्या गोठ्यात झाली. पुढे माझ्या वाचनात आले की त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि दयामायाही नसते. असे यंत्र घरात किंवा पडवीत चालवणे म्हणजे साक्षात मृत्यूला पाट मांडणे होय. सौभाग्यवतींचा निर्णय शास्त्राच्या कसोटीवर तंतोतंत उतरला होता. हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

जनरेटर किल्लीने सुरू होणारा होता, परंतु किल्ली गोठ्यात आणि आम्ही घरात. एका रात्री उलटी झालेली छत्री सावरीत मी गोठ्याच्या दाराशी पोहोचलो असता विजेरीच्या झोतात दोन डोळे चमकले. ती शेजाऱ्यांची म्हैस आहे हे कळेपर्यंत मी परतीची 30 पावले पूर्ण केली होती. त्याच रात्री मी निश्चय केला की माजघरात एक बटण बसवायचे आणि ते दाबून गोठ्यातला जनरेटर सुरू करायचा.

गावातील वायरमनला निरोप धाडला. तो माझाच माजी विद्यार्थी. "जाता, सर, जाता," म्हणजे "होते, सर, होते," असे म्हणून तो गेला. 31 वर्षे मराठीचे व्याकरण शिकवूनही त्याच्या या कोकणी क्रियापदाचा काळ मला ओळखता आला नाही. तो वर्तमानकाळ नव्हता एवढे मात्र तीन आठवड्यांनी सिद्ध झाले. अखेर मीच फोंड्याच्या बाजारातून एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली, पोफळीच्या खोडांना बांधत गोठ्यापर्यंत नेली आणि किल्लीमागच्या स्टार्टच्या दोन टोकांना जोडून तिचे दुसरे टोक माजघरातल्या बटणाला दिले. बटण दाबले. गोठ्यातून "टक्" असा आवाज आला. पुन्हा दाबले. पुन्हा "टक्". साहेबांनी हाक मारल्यावर कारकुनाने खुर्चीतूनच "हो" म्हणावे आणि उठू नये, तसा तो आवाज होता.

याचे कारण 1827 साली गेऑर्ग ओहम या जर्मन गृहस्थाने लिहून ठेवले आहे. तोही शाळामास्तरच होता, हे कळल्यावर मला थोडा धीर आला. स्टार्टरची मोटर 50 ते 100 अँपिअर विजेचा घास घेते, म्हणून तिची जाड वायर बॅटरीपाशी आखूड ठेवतात आणि मध्ये सोलेनॉइड, म्हणजे तिची वाट जोडणारा विद्युतचुंबक, बसवतात. मात्र या सोलेनॉइडलाच तीनेक अँपिअर लागतात. माझी वायर जायची 30 मीटर आणि यायची 30 मीटर, तिचा एकूण अडथळा एक ओहमच्या वर. म्हणजे बॅटरीच्या 12 व्होल्टांपैकी तीन-साडेतीन व्होल्ट पोफळींनीच खाल्ले होते. उपाय स्वस्त निघाला. मोटारीच्या हॉर्नला लावतात तसला 12 व्होल्टचा छोटा रिले, म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर जास्त विजेची वाट जोडणारा स्विच, गोठ्यातच बसवला. माजघरातले बटण या रिलेला हुकूम देते, रिले सोलेनॉइडला देतो आणि सोलेनॉइड मोटरला. रिलेला स्वतःसाठी एका अँपिअरचा सहावा-सातवा हिस्सा पुरतो, त्यामुळे वाटेत गळती अशी होतच नाही. सरकारी फाईल याच मार्गाने जाते. फरक एवढाच की येथे ती पोहोचते.

जनरेटर सुरू झाला आणि खरी परीक्षा तेथून पुढे होती, कारण तो बंदही करायचा होता. यासाठी किल्लीमागची उरलेली वायर मी किल्लीपासून सोडवून थेट माजघरातल्या दुसऱ्या बटणाकडे नेली. बटण चालू म्हणजे वायर जोडलेली, वायर जोडलेली म्हणजे इंजिन चालू, असा माझा सरळ हिशोब होता. प्रत्यक्षात बटण चालू ठेवले की इंजिन नुसते खोकून गप्प होई आणि बंद केले की धडाडून सुरू होई. आपली वायर कोठेतरी उलटसुलट झाली असावी म्हणून मी गोठ्यात जाऊन, इंजिन चालू असतानाच, ती वायर उपटून काढली. इंजिन चालूच. मग बॅटरीची वायर सोडवली. (हे कोणी करू नये, चालत्या यंत्राची बॅटरी काढल्यास तिला चार्ज करणारे सर्किट बिघडू शकते.) इंजिन चालूच! प्राण काढून घेतल्यावरही प्रवचन थांबत नाही म्हटल्यावर मी दोन पावले मागे सरलो, देवाचे नाव घेतले आणि पेट्रोलचा कॉक फिरवला. कार्बुरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल संपेपर्यंत त्याने आणखी दोनेक मिनिटे स्वतःचेच म्हणणे पुढे चालवले.

दुसऱ्या दिवशी वायरमन उगवला आणि त्याने उलगडा केला. या इंजिनाच्या फिरत्या चाकातच चुंबक असतो आणि ठिणगीपुरती वीज तो स्वतःच निर्माण करतो. तिथे बॅटरीचे काही चालत नाही. इंजिन थांबवायचे तर ठिणगीची ती वायर इंजिनाच्या अंगाला जोडून द्यायची, म्हणजे वीज ठिणगी पाडणाऱ्या प्लगकडे न जाता परस्पर अंगात जिरते. जोडले की बंद, तोडले की चालू. हे मला प्रथम कळायला हवे होते, कारण माझी भाषा पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आली आहे. आपण नारळ फोडतो आणि "वाढवला" म्हणतो, बांगडी फुटली की तीही "वाढते" आणि घरातून निघताना "येतो" म्हणतो. एवढे सगळे वर्गात शिकवलेल्या माणसाला एका वायरीने उलट बोलून फसवावे, याची खंत मला अजून आहे.

वायरमनने बंदची वायर पुन्हा किल्लीला जोडली आणि माजघरातले बटण तिच्या जोडीला बसवले. दोहोंपैकी कोणीही इंजिन थांबवू शकेल अशी व्यवस्था. थंड इंजिन सुरू करताना त्याची हवा आवळणारा चोक ओढण्यासाठी त्याने मोटारीच्या दाराचे कुलूप उघडझाप करणारी जुनी मोटर लावली. मुख्य म्हणजे त्याने चेंजओव्हर स्विच बसवला, म्हणजे घर एका वेळी एकतर खांबावरच्या विजेला किंवा जनरेटरलाच जोडले जाईल. "सर, हा नसला तर तुमची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरात जाईल, तिथे तिचे 11,000 व्होल्ट होतील आणि खांबावर चढलेला आमचा माणूस मरेल," हे तो ज्या स्वरात बोलला, त्या स्वरात मी त्याला कधी संधी-समास शिकवले नव्हते.

चवथीच्या रात्री सगळे कुटुंब गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली जमले होते. आरतीचे दुसरे कडवे सुरू असताना वीज गेली. मी शांतपणे माजघरात गेलो, चोक दिला, बटण पाच सेकंदांपेक्षा कमी काळ दाबले, मागून गोठ्यातून परिचित धडधड आली, चेंजओव्हर फिरवला आणि गणपतीवर प्रकाश पडला. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या हाताला यश आहे हो." सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, तरी त्यांनी मला पहिला मोदक दिला, ही गोष्ट लहान नव्हे.

तासाभराने वीज आली. मी चेंजओव्हर मूळ जागी आणला आणि बंदचे बटण दाबले. धडधड चालूच. पुन्हा दाबले, धरून ठेवले, पुतण्याकडून दाबून घेतले. बाहेर धो धो पाऊस. कुळागरातल्या कोण्या उंदराने बंदची वायर कुरतडली होती. आणि तोडले की चालू, हा नियम त्या उंदरानेही पाळला होता. चवथीच्या दिवशी उंदराला शिवी देणे माझ्या जिभेवर आले नाही.

छत्री, विजेरी, रामरक्षा. 48 पावले. गोठ्यात शिरून मी किल्ली "बंद"वर फिरवली, इंजिन थांबले, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत घराकडे पाहतो तो सगळ्या खिडक्या पुन्हा काळ्याकुट्ट झालेल्या. माजघरातून पुतण्याचा आवाज आला, "काका, तुम्ही गोठ्यातच थांबा, बटण मी दाबतो!"

मी किल्ली फिरवली.