ऑपरेशन झालेल्या लेकराला गिलोयचा काढा देऊ नका

परवा रात्री दहाला भावाकडे गेले तर पुतण्या टाके दुखतात म्हणून रडत होता आणि पॅरासिटामॉलचं सिरप वरच्या फळीवर डब्यांच्या मागे. पाच वर्षांचा आहे, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहावा दिवस. औषध का नाही दिलं विचारलं तर माझ्या आईने मोबाइल पुढे केला. सुदामा नगरातल्या आमच्या जुन्या शेजारच्या काकूंनी मेसेज पाठवला होता. ओट्यावर पातेलं, त्यात गिलोयच्या, म्हणजे आपल्या गुळवेलीच्या, बोटभर कांड्या उकळून पाणी हिरवट काळं झालेलं. अंगणातल्या नीमवरची वेल, आईने स्वतः कापून आणली होती. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी देणं चालू होतं.

मेसेजमध्ये असं की, बेशुद्धीच्या औषधाचं विष मुलाच्या लिव्हरमध्ये महिनोन्‌महिने राहतं, ते काढायला 21 दिवस गिलोय, भुईआवळा आणि कुटकीचा काढा मधातून द्या, पॅरासिटामॉल बंद करा कारण ते लिव्हर खातं, जडीबुटीचा काही साइड इफेक्ट नसतो, आणि जपानमध्ये तर डॉक्टरच ऑपरेशननंतर जडीबुटी देतात.

विष साठतं हे साफ खोटं आहे. मुलांना बहुतेक वेळा सेवोफ्लुरेन नावाचा गॅस देतात, तो श्वासातून जातो आणि श्वासातूनच बाहेर पडतो, लिव्हरकडे शंभरातले जेमतेम पाच भाग जातात. पूर्वी हॅलोथेन वापरायचे, त्याने क्वचित कुणाच्या लिव्हरला त्रास व्हायचा, भीती बहुधा तिथूनच आली असेल.

आता गिलोय, आणि माझा खरा राग इथे आहे. कोरोनात घरोघरी हाच काढा सुरू झाला आणि 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे सहा पेशंट आले, डोळे पिवळे, लिव्हरला सूज, आणि सगळ्यांच्या पोटात गुळवेल. ते 2021 मध्ये छापून आलं. मग देशभरातल्या 13 सेंटरच्या डॉक्टरांनी मिळून असे 43 पेशंट नोंदवले, तो अभ्यास 2022 मध्ये आला. यात अनेकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच उलटून स्वतःच्या लिव्हरवर गेली होती. म्हणजे ज्या ‘इम्युनिटी’साठी पितात तीच अंगावर आली. आयुष मंत्रालयाने तेव्हा म्हटलं की हुबेहूब दिसणारी दुसरी वेल लोकांनी घेतली असेल. ठीक आहे, धरून चालू. मग माझ्या 68 वर्षांच्या आईने संध्याकाळच्या अंधारात झाडावरून कापताना ती कशी ओळखायची? पिणाऱ्या सगळ्यांनाच होतं असं नाही, मला माहीत आहे. पण मुंबईची ती मोठी माणसं होती, हा 17 किलोचा पोरगा आहे, पोटाला टाके, आधीच अँटिबायोटिक चालू, आणि त्याला किती द्यायचं हे मेसेजमध्ये लिहिलेलंसुद्धा नाही, ‘अर्धी वाटी’ आईने आपल्या मनाने ठरवली.

पॅरासिटामॉलबद्दल अर्धं खरं आहे हे मी मानते. जास्त झालं तर ते लिव्हरला खरंच मारतं. पण डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्राम. 17 किलोला 250 च्या (पाच एमएलमध्ये 250 मिलिग्राम) सिरपचं पाच एमएल, डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर तेच लिहिलंय, दोन डोसमध्ये सहा तासांचं अंतर. त्याच्याबरोबर पॅरासिटामॉल असलेलं सर्दीचं दुसरं सिरप देऊ नये, एवढं सांगितलं असतं तर मेसेज कामाचा झाला असता. त्याऐवजी लेकरू तीन रात्री कण्हत झोपलं.

मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, ऑपरेशन असो नसो, त्याने बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. भुईआवळ्याचं म्हणाल तर 1988 मध्ये हिपॅटायटिस बी वर त्याचा गाजलेला अभ्यास आला होता, नंतरच्यांना तसा गुण दिसला नाही, आणि त्याचा ऑपरेशनशी काही संबंधच नव्हता.

जपानचं मात्र खोटं नाही. जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बाळांवर कासाई नावाचं ऑपरेशन होतं, त्यानंतर तिथले काही डॉक्टर इंचिन्कोटो नावाचं तीन वनस्पतींचं तयार औषध देतात. पण तो लिव्हरचाच आजार आहे, अभ्यास लहान-लहान आहेत, आणि ते देताना डॉक्टर रक्ताचे रिपोर्ट बघत असतात. त्यावरून अपेंडिक्सच्या पोराला ओट्यावरचा काढा कसा काय लागू होतो?

ज्यांनी आधीच दिलाय त्यांनी आज बंद करा आणि डॉक्टरांना सांगा, लपवू नका, रागावले तरी चालेल. डोळे पिवळे, लघवी गडद, शी पांढुरकी, खाणं एकदम सुटलं तर त्याच दिवशी दाखवा. आम्ही काल एसजीपीटी आणि बिलिरुबिन या लिव्हरच्या रक्ततपासण्या केल्या, नॉर्मल आलं, रिपोर्ट हातात येईपर्यंत आई देवासमोरून उठली नव्हती.

काकू, तुम्ही मायेनेच पाठवलंत, त्यात शंका नाही. पण आईने सांगितलं की तुम्ही तो आणखी तीन ग्रुपवर टाकलाय. तिथल्या कुणाच्या घरी ऑपरेशन झालेलं लेकरू आहे का ते एकेकाला फोन करून विचारा, आज, आत्ताच.